सफूराबींचं फिरतं घर

मित्रांनो, मला चाकं आहेत आणि माझ्या पोटात गॅसची शेगडीही आहे. मी एक जुनी गाडी आहे, पण लोक मला फिरतं घर म्हणतात. पनवेलचे मुबारकभाई आखातातून परतले, तेव्हा त्यांनी एक जुनी बस घेतली, बाकं काढली, पलंग बसवला. हे सगळं बायकोसाठी. सफूराबींची फुप्फुसं निकामी होत चालली होती. मोठं ऑक्सिजन सिलिंडर माझ्या भिंतीला बोल्टने आवळून मुबारकभाई म्हणाले, "आता दुनिया बघायची, सफूरा." मग आम्ही खूप फिरलो. जाऊ तिथे पोरं माझ्याभोवती जमत, आणि मी मनातून मिरवत असे.

मग आपटा गावी भाची आलियाचा निकाह ठरला. निघायच्या गडबडीत मुबारकभाईंनी माझ्या गिअरचं तेल पाहिलं. माझे गिअर आपोआप बदलतात, ते या तेलाच्या दाबावर. पण तेव्हा मी उतारावर उभी होते, इंजिन थंडगार. तेल मापायची दांडी कमी दाखवत होती. ते खरं नव्हतं, उतारामुळे तेल एका बाजूला गेलं होतं, पण मला कुठे बोलता येतं? त्यांनी बाटलीभर तेल ओतलं. "कमी पडायला नको," म्हणत आणखी ओतलं.

जाताना वाट उताराची होती, म्हणून निभावलं. निकाह झाला. जेवणं चालू असतानाच सफूराबींना धाप लागली, ओठ निळे पडले. लेक हुदाने त्यांना माझ्या पलंगावर टेकवलं आणि ऑक्सिजन वाढवला. "अब्बू, सिलिंडरचा काटा खाली चाललाय. पनवेलला चला, आत्ताच!"

आम्ही निघालो. तापलेलं तेल फुगलं, आत घुसळलं आणि त्याचा फेस झाला. फेसात कसला जोर? गावाबाहेरच्या चढावर इंजिन नुसतं किंचाळत राहिलं, चाकं पुढे जाईनात. मागे सफूराबींची धाप मला पत्र्यापत्र्यात जाणवत होती. मी जीव तोडून रेटत होते आणि मागेच सरकत होते.

हुदाने रुग्णवाहिकेला फोन केला. ती कोन गावाजवळच्या वाहतूक कोंडीत अडकली होती. सिलिंडर माझ्या भिंतीला आवळलेलं, म्हणून सफूराबींना दुसऱ्या गाडीतही हलवता येईना.

एवढ्यात शेतातून आनंदा नावाचे गावकरी धावत आले. "आमच्या खळ्यात घ्या गाडी. सपाट हाय. मागं येऊ द्या, मी वाट दावतो."

मी उलटी घरंगळत खळ्यात शिरले. इंजिन चालू ठेवून मुबारकभाईंनी दांडी ओढली. तेल खुणेच्या कितीतरी वर, वर गुलाबी फेस. त्यांनी कपाळावर हात मारला. "मीच जास्त घातलं! या अल्लाह, माझ्याच हातांनी!"

"रडायचं नंतर, अब्बू. काढायचं कसं?"

खालचा बोल्ट उघडला असता तर सगळंच तेल वाहून गेलं असतं. मग हुदाने औषधांच्या पेटीतून सलाइनची नळी आणि मोठी सिरिंज आणली. इंजिन बंद करून नळी दांडीच्या भोकात सोडली. मुबारकभाई तेल ओढत, आनंदा बादली धरत. पुन्हा ओढायचं, पुन्हा बादलीत ओतायचं.

"अब्बू, काटा लाल पट्टीत आला!"

"फेस बसू दे, पोरी. नाहीतर पुन्हा चढावर अडकू."

ते थांबणं माझ्या उभ्या जन्मातलं सर्वांत वाईट होतं. मुबारकभाई बायकोचे पाय धरून बसले. त्या कशाबशा म्हणाल्या, "आलियाचा... निकाह... बघितला ना मी."

अखेर इंजिन सुरू केलं. प्रत्येक गिअर टाकून पाहिला, दांडी पुन्हा पुसून बुडवली. तेल खुणेवर होतं. मी तो चढ चढले. रुग्णालयाच्या दारात काटा शून्यावर टेकला, आणि सफूराबींना आत नेलं.

त्या वाचल्या. पण तेव्हापासून मुबारकभाई माझ्याकडे बघत नाहीत. मी गल्लीत उभी आहे. माझी रबरं सुकली, खाली तेल ठिबकतंय, टायर बसलेत. काल सफूराबी खिडकीतून म्हणाल्या, "अहो, तिला चालू तरी करा. मला अजून फिरायचंय." मुबारकभाई आले, दांडीला हात लावला. ती न ओढताच ते परत गेले.

मित्रांनो, गाडीचं तेल सपाट जागी, इंजिन तापवून, चालू ठेवून बघा, आणि ओताल ते थोडं थोडं ओता. पण आज माझी विनवणी वेगळीच आहे. कुणीतरी मुबारकभाईंना हाताला धरून आणा हो. चूक झाली म्हणून ते मला टाकून बसलेत. सफूराबींपाशी फार दिवस नाहीत, आणि त्या खिडकीत वाट बघताहेत.