खिशातले लाल झाकण

मित्रांनो, मी एक जुने बिडाचे यंत्र आहे. माझा दांडा खाली ओढला, की बंदुकीची उडवून झालेली पितळी पुंगळी पुन्हा काडतूस व्हायच्या वाटेला लागते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, एका गॅरेजात, जाड लाकडी फळीवर मला घट्ट बसवले आहे. माझा हिरवा रंग ठिकठिकाणी उडाला आहे आणि दांड्याची मूठ एल्डनच्या तळहाताने गुळगुळीत झाली आहे.

एल्डन माझा मालक. बाहेर बर्फ साचला, की चौकड्यांचे लोकरी जाकीट चढवून तो माझ्यापुढे बसायचा. पुंगळ्या पुसायच्या, माझ्यात घालून मापात आणायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मापाच्या नळकांड्यातून बारूद तोलून भरायची आणि वर गोळी दाबायची. या कामात घाई चालत नाही, आणि एल्डनला घाई ठाऊकच नव्हती.

"विकतचं काडतूस कोणीही उडवतो. आपण भरलेल्यानं एल्क हरीण मारलं ना, तर त्याच्या मटणाची चवच वेगळी," तो म्हणायचा.

"चव माझ्या हातची असते रे बाबा!" त्याची बायको जॉइस दारातून ओरडायची. काय सुखाचे हिवाळे होते ते!

त्याची शिस्त मात्र कडक. फळीवर एका वेळी बारुदीचा एकच डबा. रायफलीच्या बारुदीचे झाकण हिरवे, पिस्तुलाच्या बारुदीचे लाल. रंग त्याने स्वतःच दिलेला. डबा उघडला, की झाकण जाकिटाच्या खिशात जायचे. उठताना नळकांड्यात उरलेली बारूद डब्यात परत ओतायची, खिशातले झाकण लावायचे, मगच घरात पाऊल टाकायचे.

एका संध्याकाळी त्याने एका डब्यातली उरलीसुरली बारूद माझ्या शेजारच्या मापाच्या नळकांड्यात ओतली आणि झाकण खिशात टाकले. तेवढ्यात जॉइसची हाक आली, "एल्डन, सूप गार होतंय!" "आलोच," म्हणून तो तसाच उठला. अंगण ओलांडता ओलांडता तो छाती धरून कोसळला. पुन्हा काही तो माझ्यापुढे बसला नाही. पुढे जॉइसने फळी आवरली. रिकामा डबा कचऱ्यात गेला, जाकीट खुंटीवर गेले. नळकांडे मात्र भरलेलेच राहिले. माझ्यावर धूळ साचली आणि गंज चढू लागला. मित्रांनो, धुळीचे दुःख नव्हते. ती हाक ऐकू येत नव्हती, त्याचे होते.

बर्फ वितळल्यावर त्याची मुलगी रोंडा आली. येत्या मोसमात बापाची रायफल घेऊन, स्वतः भरलेल्या काडतुसांनी शिकार करायची, असे तिच्या मनाने घेतले होते. शिकवायला शेजारचा व्हर्न, एल्डनचा शिकारीतला जोडीदार. पहिल्याच दिवशी तिने तेल न लावता पुंगळी घातली आणि ती माझ्यात जी अडकली, ती निघता निघेना.

"तुझ्या बापानंही हेच केलं होतं. अगदी हेच!" व्हर्न खो खो हसला. "खानदानी आहे हे."

थोड्या दिवसांत तिचा हात बसला. मग बारूद भरायचा दिवस आला. तिने फडताळातून हिरव्या झाकणाचा डबा काढला, आत डोकावली आणि नळकांड्याकडे पाहून तिचा चेहरा उजळला. "डॅडनं माझ्यासाठी भरूनच ठेवलीय की!"

मला सगळे ठाऊक होते. पण बिडाला तोंड कुठे असते?

"हे भरताना तू पाहिलंस?" व्हर्नने विचारले.

"नाही. पण दाणे बघा ना, हेच आहेत."

"दाण्यांवर जाऊ नकोस, पोरी. डबा शेजारी नाही, म्हणजे बारूद बेवारशी. आणि बेवारशी बारूद जाते बागेत."

रोंडाने नळकांड्यावर हात ठेवला. "त्याच्या हातचं एवढंच उरलंय, व्हर्न. तेही फेकू?"

"अगं, त्यानं माझी बिनचिठ्ठीची बारुदीची अख्खी बरणी आमच्या हिरवळीवर ओतली होती, खत म्हणून! वर्षभर बोललो नाही मी त्याच्याशी. गवत मात्र गल्लीत सगळ्यात हिरवं आमचंच!"

ती रडता रडता हसली. नळकांडे उचलून अंगणात गेली आणि आईच्या रुबार्बच्या भाजीच्या वाफ्यात बारूद पातळ पसरून आली. रिकामे नळकांडे परत लावताना मात्र तिने व्हर्नकडे पाहिले नाही.

शरद ऋतूत, शिकारीला निघायच्या सकाळी तिने बापाचे जाकीट अंगात घातले. खिशात हात गेला आणि बाहेर आले ते लाल झाकण.

व्हर्नने ते तिच्या हातून घेतले. "पिस्तुलाची," तो पुटपुटला. "ती एकदम भडकते. रायफलीत भरली असतीस तर... नळी तुझ्या गालाशी फुटली असती गं." मग रोंडाने माझ्या दांड्याची मूठ घट्ट धरली. मला वाटले, तिचा हात आणि माझा दांडा एल्डननेच धरला आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत ठेवा असे मी म्हणणार नाही. गंज मला सोसतो. पण माझ्यापुढून उठताना नळकांड्यात काही ठेवू नका. आपल्यामागून त्या जागी कोण बसेल, ते आपल्याला माहीत नसते.

आता पुन्हा बर्फ पडला आहे. चौकड्यांचे जाकीट माझ्यापुढे बसले आहे आणि घरातून जॉइसची हाक येते, "रोंडा, सूप गार होतंय!"

"होऊ दे गार!" रोंडा ओरडते. ती बारूद डब्यात परत ओतते, खिशातले झाकण काढून लावते आणि मगच उठते.