तानबा दिसला पाहिजे

नालवाडीच्या पलीकडे, जिथं नव्या लेआउटचे दगड रोवलेत पण घरं अजून उठली नाहीत, तिथं केसांवर भांडी देणाऱ्यांची बस्ती आहे. तिथल्या बाया डोक्यावर टोपलं घेऊन पिपरी मेघे, सिंदी मेघे हिंडायच्या. विंचरताना गळालेल्या केसांचे गुंते घ्यायच्या आणि बदल्यात स्टीलची वाटी नाहीतर चमचा द्यायच्या. करोना आला आणि दारं बंद झाली. दुसऱ्या लाटेत तर फाटकाशी गेलं तरी लोक आतूनच हाकलायचे.

त्याच उन्हाळ्यात बस्तीतल्या रूपरावला ॲम्ब्युलन्स घेऊन गेली. आपल्या पायानं चालत जाऊन बसला होता बिचारा. परत आलाच नाही. त्याची मातीसुद्धा परस्पर झाली. तेव्हापासून बस्तीनं ठरवून टाकलं, कुणाला ताप आला तर बाहेर सांगायचं नाही. तपासणीवाली ताई आली, की बाया सांगायच्या, "आमच्यात सारे चांगले हायेत." आणि आत कुणीतरी तोंडात पदर कोंबून खोकला दाबत पडलेलं असायचं.

सरिताचा सासरा तानबाही असाच पडून होता. तापाचं तिला एवढं काही वाटलं नव्हतं. पण त्या सकाळी तो पाणी मागायला लागला आणि 'पानी' म्हणायच्या आधीच त्याला धाप लागली. सरितानं गिलास खाली ठेवला.

"मामाजी, दवाखान्यात जाऊ."

"नाई." तो थांबला, दम घेतला. "इथंच... मरू दे मले."

दारात तानबाची मोठी बहीण शकुबाई पदरानं वारा घालत बसली होती. बस्तीत तिचा शब्द शेवटचा. ती म्हणाली, "रूपरावचं काय झालं, पाह्यलं ना? आपल्या हातची मातीबी नाई भेटली थ्याले."

"अन् इथं ठेवून काय करान, आत्याबाई? थ्यायचा दम पाहा."

"तुले आत घेतीन का थे लोक?"

"नाई घेतीन. मी भायेर बसतो. भिंतीच्या या अंगाले तं राहीन."

शकुबाईनं भावाच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे बघितलं. मग उठली. "ने. पन मले रोज थो फोनात दिसला पाह्यजे. चांगला हाये म्हनून सांगजो नोको, दिसला पाह्यजे. नाई दिसला, तं मी अख्खी बस्ती घेऊन येतो."

शेजारच्या वर्षालीनं तिचा ऑनलाइन शाळेचा मोबाइल तानबासाठी आणून दिला. सरिताचा नवरा अंकुश पोरांपाशी थांबला. त्याच्याकडे तडकलेल्या काचेचा दुसरा मोबाइल होता. ऑटोवाला आधी नाही म्हणाला, मग शकुबाईकडे बघून तयार झाला.

दवाखान्यात तानबाला नाकाला नळी लावली आणि वर्षालीच्या मोबाइलसकट वर नेलं. सरिता फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसली. सुरुवातीला सगळं बरं चाललं. दुपारी नर्स फोन लावून द्यायची आणि तिकडे बस्ती अंकुशच्या मोबाइलभोवती जमायची. मग एक दुपार तशीच गेली. फोन आला नाही. सरिताचा स्वतःचा साधा मोबाइलही बंद पडला होता. चौकीदाराला तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "कळवतील वरून." कळवणं म्हणजे काय, ते तिला रूपरावच्या वेळी समजलं होतं. रात्र तिनं झाडाच्या बुंध्याला पाठ लावून काढली. आपणच आणलं त्यांना, आपणच, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर रस्त्यावरून बस्तीतल्या बाया येताना दिसल्या. पुढे शकुबाई आणि त्यांच्या मागून पोलिसांची गाडी हळूहळू येत होती, आता यांचं काय करावं अशा विचारात पडल्यासारखी.

"तानबा जिता हाये का?" शकुबाईनं लांबूनच विचारलं.

सरिताला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "मले मालूम नाई, आत्याबाई."

बायांनी फाटकातच बसकण मारली. चौकीदार ओरडला, पोलीस उतरले. एवढ्यात ड्यूटी संपवून एक नर्स बाहेर आली. चेहऱ्यावर मास्कचे वळ उमटलेले. "कोण तानबा? डाळ पातळ आहे म्हणून भांडणारे बाबा?"

सरिता उभी राहिली. "हो. थेच."

"अहो, चांगले आहेत. त्यांच्या मोबाइलचा चार्जर हरवलाय." नर्सनं एवढ्या बाया बघितल्या आणि घरी जायचं सोडून ती परत आत गेली.

थोड्या वेळानं वरची एक खिडकी उघडली. गजांमागे तानबा उभा होता, नर्सच्या आधारानं, नाकाला नळी. त्यानं खाली बघितलं. मग डाव्या तळहातावर उजवा अंगठा घासून दाखवला.

"मेल्या!" शकुबाई ओरडली. "नाकाले नळी लावून तंबाकू मांगून राह्यला!"

बाया हसायला लागल्या. पोलीसही हसले. सरिता हसायला गेली आणि तिला हुंदकाच फुटला. मग दोन्ही एकदमच यायला लागलं.

शकुबाई तिच्यापासून जरा अंतर ठेवून खाली बसली. "सरिता," ती हळूच म्हणाली, "मलेबी ताप हाये. कालपासून."

"अन् उन्हात चालत आल्या? काऊन सांगतलं नाई?"

"आता सांगून राह्यलो ना."

तिनं तिथंच तपासून घेतलं. दवाखान्यात राहायची गरज नव्हती, गोळ्या मिळाल्या. तिचं बघून आणखी दोघी पुढे आल्या. बस्तीच्या टोकाला ताडपत्रीची एक मोठी सावली उभी राहिली आणि लपलेले आजारी स्वतःहून तिथं झोपायला गेले. त्यांचा स्वयंपाक अंकुश आणि बाया मिळून एकाच चुलीवर करू लागले. ताटं ठेवायची आणि मागे सरायचं. श्वास जड झाला की कुणी थांबत नव्हतं, ऑटो बोलावला जायचा.

तानबा घरी आला तेव्हा बराच वाळला होता, पण पायांवर उभा होता. सरितानं त्याला खाटेवर बसवलं, स्वतः डोक्यावरून आंघोळ केली आणि आत जाऊन आडवी झाली. बाहेर तानबा लोकांना वॉर्डातल्या गोष्टी सांगत होता. वाक्य अर्धं झालं की थांबत होता, दम घेऊन पुढे जात होता. लांब ताडपत्रीखालून शकुबाई ओरडली, "मोठ्यानं बोल, इकडं आयकू नाई येऊन राह्यलं!"

सरितानं कूस बदलली. चुलीवर काय चढलंय, पोरं कुठं आहेत, काहीच न विचारता ती झोपून गेली.