फळीपलीकडची बोटं

ईटमध्ये एसटी थांब्यासमोर दोन जावांचा एक गाळा होता. थोरली राजेश्वरी मराठी टायपिंग करायची. गिऱ्हाईक सांगत जायचं आणि हिची बोटं चालत राहायची, नजर मात्र पडद्यावरून हलायची नाही. धाकटी निकिता फॉर्म भरायची, झेरॉक्स काढायची, बोलक्या तोंडानं आल्यागेल्याला बसवून ठेवायची. गाळ्यात दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर. की-बोर्ड आणि माउसची मात्र एकच जोडी, कारण दुसरीवर कधीतरी चहा सांडला होता. गरज पडेल तशी ती जोडी ह्या कॉम्प्युटरच्या डब्यातून काढून त्या डब्याला लावायची. एकीच्या हाताखालची वस्तू दुसरीच्या हाताखाली जायची आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

मग भावाभावांचं बिनसलं. बजरंग थोरला, कृष्णराज धाकटा. रान वाटलं, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, म्हशी वाटल्या. शेवटी गाळ्यावर आले.

"गाळा आमी दोघींनी उभा केलाय," राजेश्वरी म्हणाली.

"गाळा घराचा," बजरंग म्हणाला, आणि कृष्णराजनं मान हलवली. त्या दिवशी दोघांचं जमलं ते एवढ्या एका वाक्यावर.

वाटणी करायला आण्णासाहेब आले होते. गावातल्या निम्म्या घरांच्या वाटण्या त्यांनीच केलेल्या. माणूस सरळ, हात तराजूसारखा. पण त्यांची सगळी उमर औतकाठी, म्हशी आणि कडब्याच्या गंजी वाटण्यात गेलेली. त्यांनी एकेक पडदा आणि एकेक डबा दोन्हीकडं सारखा दिला. उरल्या चार वस्तू. बैलांची जोडी फोडायची नसते, हे त्यांना ठाऊक. म्हणून की-बोर्ड आणि माउस ही एक जोडी धरली, प्रिंटर आणि स्कॅनर ही दुसरी. चिठ्ठ्या टाकल्या. पहिली जोडी बजरंगला गेली, दुसरी कृष्णराजला.

"अवो आण्णासाहेब," निकिता म्हणाली, "ही कसली वाटणी? एकाला गाडी दिली आन दुसऱ्याला नुसती बैलं."

"चिठ्ठी पडली, बाई. आता देव आला तरी बदलत न्हाय."

दोन्ही भावांनी सोनारीच्या भैरवनाथाची शपथ घेतली, ह्या वाटणीतली वस्तू त्या वाटणीत जाणार नाही. आणि दुसऱ्याच दिवशी गाळ्याच्या मधोमध प्लायवूडची फळी उभी राहिली, एका गाळ्याची दोन दारं झाली.

कृष्णराजला आपला अर्धा गाळा परंड्याच्या एका मोबाईलवाल्याला द्यायचा होता. निकितानं घरी बसावं, फार तर कांदा निवडायला जावं, हा त्याचा हिशेब. पण निकिता बैठकीतच उठून उभी राहिली होती. "मी चालवीन," म्हणाली.

"कशानं चालवशील? काचंवर बोट फिरवून?" कृष्णराज हसला.

आण्णासाहेबांना ते हसणं आवडलं नाही. ते म्हणाले, "महिनाभर चालवून दाखव, पोरी. रोज गाळा उघडायचा, लिवलेला कागद बाहेर पडायचा. महिना भरला की मी स्वतः येऊन बघीन. बंद पडला तर मग ह्यो म्हणंल तसं."

निकिता भूमला जाऊन नवा की-बोर्ड आणि माउस घेऊन आली. सकाळी कृष्णराजनं ते दोन्ही गाडीच्या डिकीत घातलं आणि कुणा दोस्ताला देऊन टाकलं. "माझ्या गाळ्यात मला इचारल्याबिगर वस्तू आणायची न्हाय," एवढंच म्हणाला.

दोन दिवस निकिता काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. फळीच्या पलीकडं राजेश्वरीच्या बोटांचा आवाज यायचा, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा. दुपारी तो आवाज थांबायचा आणि थोरली जाऊ गुणगुणायची. आईकडून आलेली दळणाची चाल, शब्द मात्र आत्ताचे:

मधी ठोकली फळी, खिळे मारियेले बारा
फटीतून येतो माझ्या जावंचा गं वारा

निकिताला रडू यायचं आणि रडू आल्याचा रागही यायचा.

तिसऱ्या दिवशी गफारभाईंची मिनाज झेरॉक्सला आली. धाराशिवला कॉम्प्युटर शिकणारी पोरगी. तिनं फळी बघितली, मुका पडदा बघितला, सगळं ऐकून घेतलं आणि दारावरच्या वायफायच्या डबीकडं बोट केलं.

"हिची वाटणी झाली का, भाभी?"

"ती नेटवाल्याची हाय. कशी करतील?"

"मग काळजी नको करू." तिनं घरून आपला की-बोर्ड अर्ध्या तासापुरता आणला, दोन्हीकडच्या कॉम्प्युटरात एक लहानसा प्रोग्राम घातला आणि आपली वस्तू परत पिशवीत टाकली. मग फळीच्या अलीकडं एकदा, पलीकडं एकदा, असं दोघींना समजावलं. "राजेश्वरीभाभी, तुमचा माउस उजवीकडं ढकला. पडद्याची कड आली तरी थांबू नका, ढकलतच राहा."

राजेश्वरीनं ढकललं. बाण कडेला गेला आणि नाहीसा झाला.

"गेला गं बाई! कुठं गेला?"

"हितं आला!" पलीकडून निकिता ओरडली. "ताई, माझ्या पडद्यावर आलाय!"

"आता टाईप करा," मिनाज म्हणाली. "बाण जिथं, की-बोर्ड तिथं."

राजेश्वरीनं बोटं चालवली. तिच्या पडद्यावर काहीच उमटलं नाही. पलीकडं मात्र निकितानं आपल्या पडद्यावर आपलंच नाव अक्षर-अक्षर उगवताना बघितलं.

वस्तू कुठलीच इकडची तिकडं गेली नव्हती.

पण खरी अडचण पुढंच होती. राजेश्वरीला निकिताचा पडदा दिसत नव्हता. हात एकीचे, डोळे दुसरीचे, आणि मध्ये बारा खिळ्यांची फळी. मग दोघींनी त्यावरही वाट काढली. टायपिंगची राजेश्वरीला चिंताच नव्हती, बोटांना डोळे फुटलेले होते. बाण हलवायचा तेव्हा निकिता फळीला तोंड लावून सांगायची.

"वर घ्या, ताई. अजून वर. आता उजवीकडं. लई गेलात, मागं या. बास! दाबा."

बाकड्यावर बसलेला म्हातारा दचकायचा. "कुणाशी बोलतीस गं?"

"भुताशी."

"आन ते भूत अर्ज लिवतंय व्हय?"

"तुमचं नाव सांगा मामा, बगा कसं लिवतंय."

भूत लिहायचं. प्रिंटर निकिताच्या बाजूला. तो कुरकुरायचा आणि कागद गरम-गरम भाकरीसारखा बाहेर यायचा. राजेश्वरीच्या गिऱ्हाइकाचा कागदही तिथंच निघायचा, कारण बजरंगनं प्रिंटर आणायचं कबूल केलं होतं ते कांदा निघेपर्यंत लांबलेलं. गिऱ्हाईक सांगायचं ह्या दारात आणि कागद घ्यायचं त्या दारात. लोक दोन दिवस हसले, मग त्यांना सवय झाली.

चुका झाल्या, नाही असं नाही. एकदा बाण पलीकडं राहिला आणि राजेश्वरी आपलाच पडदा समजून लिहीत सुटली. निकिताच्या पडद्यावर एका लग्नपत्रिकेत, वधूच्या नावाखाली, म्हैस विकण्याची पूर्ण पावती उतरली. "ताई, नवरी कितव्या वेताची लिवताय?" निकिता फळीवर थापा मारत हसली आणि पलीकडं राजेश्वरीला हसू आवरेना. दोघी अशा हसल्या की खिळे हलावेत.

सव्विसाव्या दिवशी बजरंग रानातून लवकर आला. बायकोशेजारी खुर्ची ओढून बसला. बघतो तर राजेश्वरीची बोटं धो-धो चाललेली आणि पडदा कोरडा. एक अक्षर नाही. तो कधी बोटांकडं बघे, कधी पडद्याकडं.

"काय चाललंय हे? लिवतीस कुठं तू?"

राजेश्वरीनं ओळ पुरी केली. मग म्हणाली, "काम हाय तिथं."

पलीकडं प्रिंटर कुरकुरला. बजरंग उठून रस्त्यावरून फिरून गेला, निकिताच्या दारात उभा राहिला, निघालेला कागद बघितला आणि निघून गेला. दोन महिने एकमेकांची सावली टाळणारे भाऊ त्या संध्याकाळी हॉटेलच्या एका बाकड्यावर बसून चहा प्याले. गावाला वाटलं, घर पुन्हा एक होतंय. राजेश्वरीला तसं वाटलं नाही.

महिना भरला त्या दिवशी सकाळी अकरा वाजता सगळे आले. आण्णासाहेब, दोघं भाऊ, आणि टेप घेऊन गाळा मापायला आलेला मोबाईलवाला. आण्णासाहेबांच्या हातात वहीचा कागद होता. सोनारीला जाणाऱ्या टेम्पोत कोण-कोण बसणार, त्यांची नावं. "एवढी यादी काढून दे," ते निकिताला म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत."

ते म्हणेपर्यंत बजरंग आपल्या बाजूला शिरला होता. राजेश्वरीच्या हाताखालचा की-बोर्ड त्यानं वायरीसकट उपटला, माउसही उपटला, आणि बाजारात कोंबडी पाय धरून उलटी न्यावी तशी ती जोडी हातात लोंबकळत घेऊन बाहेर रस्त्यावर आला.

"ह्या माझ्या वाटणीच्या वस्तू. ह्यांनी त्या गाळ्याचं काम व्हायचं न्हाय. भैरवनाथाची शपथ हाय."

"संपलं," कृष्णराज म्हणाला आणि मोबाईलवाल्याला म्हणाला, "मापा तुमी."

निकिता खुर्चीवरून उठली नाही. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसली. मोबाईलवाल्यानं टेपचं टोक भिंतीला लावायला वाकून बघितलं, तिच्या तोंडाकडं बघितलं, आणि टेप सर्रकन मागं ओढून घेतली.

राजेश्वरी आपल्या दारातून बाहेर आली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं तसाच राहू दिला.

"शपथ तुमी घेतली," ती नवऱ्याला म्हणाली. "आमाला कुणी इचारलं? मी भैरवनाथापुढं तोंड उघडलं न्हाय, ह्या निकितानं उघडलं न्हाय."

"वस्तू माझी हाय."

"असू दे. चिठ्ठीत की-बोर्ड निघाला, माझी बोटं निघाली नव्हती. तुमची वस्तू हाय ना, मग ह्यावर 'र' कुठं हाय तेवढं दावा. राजेश्वरीतला र. दावा आन घेऊन जा घरी."

बजरंगनं की-बोर्ड सुलटा केला. बघत राहिला. बटणं सगळी काळी गुळगुळीत होती. ना मराठी अक्षर, ना इंग्रजी. नऊ वर्षांत राजेश्वरीच्या बोटांनी ती सगळी पुसून टाकली होती. त्यानं एका बटणावर अंगठा ठेवला, उचलला, दुसऱ्यावर ठेवला. थांब्यावर एसटीची वाट बघणारी माणसं जवळ सरकली. कुणीतरी म्हणालं, "बजरंगराव, खालच्या ओळीत बगा की." कुणीतरी फस्सकन हसलं.

"न्हाय घावत," आण्णासाहेब म्हणाले. ते हसले नव्हते. "दे तिला."

"आण्णासाहेब, चिठ्ठी तुमीच टाकली!"

"व्हय, मीच टाकली. म्हशी वाटायच्या डोक्यानं टाकली. चुकलो. आता दे."

पण बजरंग देईपर्यंत राजेश्वरी थांबली नाही. तिनं त्याच्या हातातून ती जोडी घेतली. हिसकली नाही, निजलेलं लेकरू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यावं तशी घेतली. आणि सगळ्यांच्या देखत, दिवसाउजेडी, निकिताच्या दारातून आत गेली. वाकून डब्याच्या मागं वायरी लावल्या. बाण हलला.

"बसा ताई," निकिता उठायला लागली. "तुमी लिवा."

राजेश्वरीनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"मी लिवलं तर माझं काम हुईल. जागा तुझी हाय, तू लिव."

"मला मराठी टायपिंग येतंय कुठं? ह्यावर तर अक्षरं बी न्हाईत."

"बोटं ठेव. उजव्या हाताच्या बोटाला बारीक गाठ लागती का? तो र. डाव्या हाताला लागती ती पहिली वेलांटी. काने-मात्रे सगळे डावीकडं, अक्षरं उजवीकडं. भ्यायचं कशाला? चुकलं तर खोडू."

बाहेर ऊन चढायला लागलं होतं. आण्णासाहेबांनी बाकड्यावर बसून चष्मा लावला आणि पहिलं नाव वाचलं, "द्वारकाबाई." निकितानं एका बोटानं शोधत, मागून राजेश्वरी सांगेल तसं, द लिहिला. मग व जोडायला चार वेळा चुकली, चार वेळा खोडलं. द्वारकाबाई पुरी व्हायला एक एसटी येऊन गेली. पण थांब्यावरची दोन माणसं एसटीत चढलीच नाहीत.

कृष्णराज दारात उभा होता. त्याला जाताही येईना आणि आत येताही येईना. मोबाईलवाला केव्हाच गेला होता. बजरंग समोरच्या लिंबाखाली पाठ करून उभा राहिला होता.

"घरी ये तू," कृष्णराज दातांतून म्हणाला. "मग बघतो."

निकितानं पडद्यावरची नजर काढली नाही. बोट गाठीवर होतं.

"येते की. सहा वाजता कुलूप लावून येते. किल्ली माझ्याकडंच राहील." आणि आवाज जरा चढवून म्हणाली, "आण्णासाहेब, पुढचं नाव सांगा."