फोन ठेवायचा वर्ग

“मोठ्याने बोल. तोंडात काय धरलंयस?” मी फोनवर दरडावलं.

पलीकडची पोर गडबडली. “सॉरी मॅडम. काय म्हणालात?”

“शिष्यवृत्ती हवी आहे की परत पाठवू? तुझं खातं जोडलेलंच नाही. मेसेज आलाय बघ, त्यातला आकडा वाच. माझ्यापुढे कामाचा ढीग पडलाय.”

“मॅडम, पण... कॉलेजात सांगितलंय की ओटीपी कुणाला...”

“म्हणजे मी खोटी? तुझ्या आजीच्या वयाची बाई तुला लुटायला बसली आहे होय इथे?”

“नाही नाही मॅडम, तसं नाही. माफ करा. वाचते.”

आणि वाचला की तिने. एकेक आकडा सुटा करून, गुरुजींपुढे पाढा म्हणावा तसा. वर “थँक्यू मॅडम” पण म्हणाली.

मी फोन ठेवला. सून पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. तो मेसेज तिनेच पाठवलेला, आकडाही तिच्याच मनाचा. त्याने कुठल्याच खात्याचं कुलूप उघडणार नव्हतं. ही परीक्षा होती, आणि परीक्षा घेणारी मी.

“हीसुद्धा?” सून म्हणाली.

“हीसुद्धा.”

“आई, वर्गात सगळ्यात आधी हात हिनेच वर केला होता.”

माझी सून कॉलेजच्या संगणक खोलीत कामाला आहे. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तीच भरून घेते. गेल्या साली या पोरीच्या मोठ्या बहिणीचा अर्जही तिनेच भरला होता. सकाळी पैसे खात्यात आले आणि दुपारच्या आत गेले. ऑफिसातून बोलते म्हणून कुणा बाईचा फोन आला होता. नाव माहीत, वर्ग माहीत, वरून डाफरतही होती. मोठीने माफी मागत मागत आकडा सांगितला. बँकेला कळवायलाही लाजेने उशीर केला. फी राहिली, कॉलेज सुटलं. आता ती आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काउंटरला उभी असते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तीच देते. यंदा धाकटी त्याच कॉलेजात आली आणि तिचेही पैसे याच महिन्यात यायचे होते. सुनेचा जीव तिथे टांगला होता. मोठीचं गेलं ते गेलं, धाकटीचं जाऊ द्यायचं नाही.

म्हणून तिने कॉलेजच्या सरांच्या मागे लागून सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण ठेवलं. पडद्यावर चित्रं दाखवली, मुलांनी लिहून घेतलं, पेपरात सगळी पास. सर म्हणाले, “छान झालं. फोटो पाठवून द्या वर.” पण सुनेला फोटोवर समाधान नव्हतं. तिने मुलांना बजावून ठेवलं की महिन्याभरात कधीही खोटा फोन येईल, आणि घरी येऊन मला म्हणाली, “आई, तुम्ही करायचा.”

मीच का, तर मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम होते. मशीनच्या घरघरीवरून माझा आवाज पार दुसऱ्या टोकाच्या बाईपर्यंत जायचा, आणि चादरीवर डाग राहिलेली बाई माझ्या नजरेला नजर देत नसे. शाळा माझी चौथीपर्यंत. पण मला अडाणी म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही अजून.

“सगळं येतं यांना,” त्या फोननंतर सून भाजी निवडता निवडता म्हणाली. “फोन ठेवणं तेवढं जमत नाही. मोठं माणूस बोलतंय म्हटलं की हात लुळा पडतो.”

“मग ते शिकव.”

“कसं शिकवू? मलाच कुठे येतं?”

हे मात्र खरं होतं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून या पोरीने माझा शब्द मध्येच तोडला नव्हता. ते वळण मीच लावलं, आणि चांगलं लावलं, त्यात मी काही मागे घेत नाही. पण चोराने तेच वळण शिडीसारखं भिंतीला लावलं होतं.

“ऊठ,” मी म्हणाले. “बाहेरच्या खोलीत जा. मी इथून फोन करते.”

पहिल्यांदा तिने “बरं आई” म्हटलं. दुसऱ्यांदा “हो आई, सांगते ना” म्हटलं. बाहेर माझा मुलगा दाढी करत होता, तो खो खो हसायला लागला.

“तू दात काढू नकोस,” मी आतून ओरडले. “त्या विमेवाल्याचा फोन ठेवता आला नाही म्हणून घरात एका माणसाचे दोन विमे झालेत.”

तिसऱ्यांदा मी सगळं काढलं. तिचं माहेर काढलं, तिचा पगार काढला, करपलेलं दूध काढलं. ती म्हणाली, “नाही सांगणार.” आणि फोन खट्कन बंद.

मी तशीच, तोंड उघडं, हातात फोन. अंगाचा तिळपापड झाला. ती दारात येऊन उभी राहिली, चेहरा पांढराफटक.

“राग आला तुम्हाला?”

“आला. समोरच्याला यायलाच पाहिजे. पुन्हा कर.”

पुढच्या आठवड्यात संगणक खोलीत पडदा नव्हता, चित्रं नव्हती. पुढे एक खुर्ची आणि खुर्चीत मी. सून मुलांना म्हणाली, “आज लिहायचं काही नाही. या आजींचा फोन ठेवून दाखवायचा. फोन ठेवला की मगच विचार करायचा. शंका असली तर माझ्याकडे या, नाहीतर स्वतः बँकेत जाऊन विचारा. आणि आकडा तोंडातून गेलाच, तर लाजत बसायचं नाही, त्याच मिनिटाला बँकेला कळवायचं.”

एकेक जण माझ्यासमोर येऊन फोन कानाला लावायचा. मी झापायची, तो ततपप करायचा. एक उंचापुरा पोरगा तर फोन ठेवायच्या आधी मला वाकून नमस्कार करून गेला. सगळी खोली हसली. “पुन्हा ये रे, उंटा,” मी म्हणाले. पुन्हा आला, तेव्हा ठेवला.

मध्येच सर डोकावले. “काय हो, हे प्रशिक्षण आहे की नाटक? पुढच्या तासाला खोली लागणार आहे.”

“सर, अजून अर्धी मुलं राहिलीत,” माझी सून म्हणाली. आवाज नेहमीचाच, हळू. “तुम्ही बसा, नाहीतर नंतर या. खोली आत्ता मिळणार नाही.”

सरांनी इकडे तिकडे बघितलं आणि मागच्या बाकावर बसले. मी पदरात हसू लपवलं.

धाकटीची पाळी आली. बारीक चण, वेणी घट्ट घातलेली. मी दोन शब्द बोलले नाही तोच, “नाही आजी, माफ करा आजी, नाही सांगू शकत, सॉरी...” आणि फोन कानालाच.

“माफी कसली मागतेस?” मी म्हणाले. “तुझ्या ताईने माफीच मागितली होती.”

पोर जागेवर जाऊन बसली आणि बाकाकडे बघत राहिली.

घरी येताना निम्म्या रस्त्यावर सून म्हणाली, “तसं बोलायला नको होतं.”

“चोर काय गोड बोलणार आहे?”

“ते चोराचं बोलणं नव्हतं, आई. तुमचं होतं.”

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे चालायला लागली. मी तिच्या मागोमाग निघाले.

पैसे यायचा आठवडा लागला. खरे फोन याच दिवसांत येतात, म्हणून सून म्हणाली, “आज धाकटीला पुन्हा.” नवा नंबर आणला. मी पदर खोचला आणि सुरुवात केली. दरडावलं, शिष्यवृत्ती परत जाईल म्हटलं, कॉलेजात तक्रार करीन म्हटलं. आकडा काही आला नाही. मग मी शेवटचा डाव टाकला, रडवेली झाले. “पोरी, तुझ्या एका आकड्यापायी माझी नोकरी जाईल गं. घरी माणूस आजारी आहे.”

“जाऊ दे गेली तर,” धाकटी म्हणाली. आवाज थरथरत होता, पण निघत होता. “आकडा मिळणार नाही. एवढं वय झालं, असले धंदे करताना लाज वाटत नाही का तुम्हाला?”

खट्.

सुनेने दोन्ही हात तोंडावर ठेवले. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. मला सगळ्या जन्मात असं कुणी बोललं नव्हतं, सासूदेखील नाही. “बघतेस काय?” मी म्हणाले. “चहा टाक. आज साखर जास्त घाल.”

त्या आठवड्यात धाकटीला खरा फोनही आला. तिने तो ठेवला आणि थेट सुनेसमोर जाऊन उभी राहिली. पैसे आले, फी भरली गेली.

महिना संपला तशी मी गोळ्या आणायला गेले. मोठी काउंटरवर होती, अंगात दुकानाचा निळा कोट. गोळ्यांची पाकिटं पुढे ठेवत ती हळूच म्हणाली, “आजी, तो फोन तुमचा होता ना?”

“कसला फोन?”

“तिने मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला होता. हा आवाज दर महिन्याला इथे माझ्याशी भांडतो. तारीख दाखव, पट्टी कापू नकोस.”

आता लपवण्यात काय अर्थ होता. “मग? कशी झापली मला?”

“चांगली झापली.” ती हसली. मग पिशवीला गाठ मारत राहिली, सुटी करत राहिली. “मलाही करा ना एकदा.”

“तुला कशाला? तुझं तर...” मी थांबले. माझी जीभ सहसा अशी थांबत नाही.

तिने माझा फोन घेतला, स्वतःचा नंबर दाबून दिला आणि परत माझ्या हातात ठेवला.

मी रस्ता ओलांडला आणि समोरच्या सायकलवाल्याच्या छपराखाली उभी राहिले. काचेतून ती दिसत होती. मी फोन लावला. तिने उचलला.

“शिष्यवृत्तीच्या ऑफिसातून बोलते. मेसेज आलाय, त्यातला आकडा वाच.”

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

“ऐकू येत नाही? तुझ्यासाठी दिवसभर थांबू का मी इथे? वाच लवकर.” आवाज मी जराही मऊ केला नाही. तेवढा मान तिला द्यायलाच हवा होता.

काउंटरपाशी एक माणूस औषधाची चिठ्ठी पुढे करून उभा होता. तिने त्याला हातानेच थांब म्हटलं. पाठ ताठ केली.

“नाही सांगणार,” ती म्हणाली.

फोन बंद झाला. मी तो कानाला तसाच धरून उभी होते. काचेपलीकडे तिने फोन कोटाच्या खिशात टाकला, त्या माणसाची चिठ्ठी घेतली, आणि वरच्या फळीवरचा डबा काढायला टाचा उचलल्या.