पाहुण्यांनी ऐकून घेतलं

शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर भागाबाई पावरा राहते. दोन वर्षांपूर्वी पाड्यालगतच्या जंगलाला एका संस्थेने तारेचं कुंपण घातलं. आत साग लावला. ही झाडं हवेतला कार्बन शोषणार म्हणून परदेशातल्या हवामान निधीने पैसा दिला. बायकांचं मोहफुलं वेचणं मात्र बंद झालं.

यंदा निधीचे पाहुणे शिरपूरला आले. आदिवासींचे हक्क जपले जातात का, हेच त्यांना बघायचं होतं. संस्थेचे प्रमुख भूपेंद्र सर यांनी पाड्यावरच्या बायका जीपमध्ये कोंबून हॉटेलात आणल्या आणि भाड्याचे मोरपिसांचे टोप त्यांच्या डोक्यावर चढवले. पावरा बायका असलं काही घालत नाहीत, असं ऋतिकाने सांगून पाहिलं. ऋतिका संस्थेची दुभाषी, यावलच्या केळीवाल्या घरातली. सर म्हणाले, फोटोत बरं दिसतं.

नाच झाला. मग एका पाहुणीने भागाबाईला प्रकल्पाबद्दल विचारलं. भागाबाई अहिराणीत शांतपणे म्हणाली,

"जंगल आमनं शे. तार बांधाना पहिले आमले कोणीच इचारं नई. आते बकरी आत गई ते राखणदार आमले मारस."

सर ऋतिकाच्या कानाशी वाकले. ती आभार मानतेय एवढंच सांग, म्हणाले. ऋतिकाने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला, मारहाणीसकट.

पाहुणीचे डोळे पाणावले. असे आवाज जगापर्यंत पोचले पाहिजेत, असं ती म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या. मग जेवण लागल्याचं कोणीतरी सांगितलं.

"मंग तार काढतीन का?" भागाबाईने विचारलं.

ऋतिकाने तो प्रश्न पाहुणीपुढे ठेवला. पनीर वाढून घेता घेता ती म्हणाली, तो निर्णय आमच्या हातात नाही. ऋतिकाने ते भागाबाईला सांगितलं. भागाबाईने टोप काढून जेवणाच्या टेबलावर आपटला आणि बायकांना घेऊन उपाशीच बाहेर पडली. त्यांच्या मागोमाग ऋतिकाही निघाली. त्या नोकरीत ती परत गेली नाही.

पुढे निधीची फिल्म आली. ऋतिकाने ती पाड्यावर नेऊन दाखवली. तीत भागाबाई बोलत होती: 'जंगल आमनं शे.' पुढचं सगळं कापलेलं. लगेच पावरीचे सूर वाजू लागले आणि हिरवागार साग दिसला.

भागाबाई बाजूला वळून थुंकली.

ग्रामसभेने निधीकडे तक्रार केली. ती इंग्रजीत ऋतिकाने लिहिली. आपलं म्हणणं कळवल्याबद्दल आभारी आहोत, एवढं उत्तर आलं.