अक्कलदाढ आणि डावा जबडा

धाकटीची अक्कलदाढ काढली, सूज उतरली आणि महिन्याभराने तिने फोटो काढून घेतला. मालकांनी तो स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

थोरली त्याच स्टुडिओत निगेटिव्ह दुरुस्त करी. तेव्हा ते काम हाताने चाले. भिंगाखाली काळ्याचे गोरे नि गोऱ्याचे काळे झालेले चेहरे येत, त्यांना नावं नसत, नुसते नंबर. बारीक पात्याने जबड्याची कड खरवडली की छापताना तिथे सावली पडे आणि भरलेला गाल उतरे. हात इतका बसला होता, की चेहरा कुणाचा हे ती बघतही नसे.

"दाढ गेली आणि पोरगी कशी रेखीव दिसायला लागली," शेजारच्या काकू काचेतला फोटो बघून आल्या आणि म्हणाल्या. थोरलीला असं जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

"तूही काढून टाक ना, ताई," धाकटी आरशासमोरून म्हणाली. "तुझा जबडा अगदी बाबांवर गेलाय."

दुसऱ्या दिवशी थोरली अर्धी रजा टाकून धाकटीच्याच दातांच्या डॉक्टरांकडे गेली. फोटोची एक प्रत तिने टेबलावर ठेवली.

"दाढ दुखतेय?"

"नाही. पण काढायचीय. अशी दिसायला."

डॉक्टरांनी तोंड तपासलं. "दाढ सरळ आहे, चांगली आहे. आणि ती काढून चेहरा बदलत नसतो, बाई. घाट हाडाचा असतो. सूज उतरली की लोकांना उगीच बारीक वाटतं." मग त्यांनी फोटो उजेडात धरला. "गंमत बघा, मी हिची उजवीकडची दाढ काढली. इथे तर डावा जबडा उतरलाय."

थोरली तडक स्टुडिओत गेली. निगेटिव्ह शोधून भिंगाखाली धरली. डाव्या कडेला पात्याच्या रेघा होत्या, तिरप्या, दाट, तिच्याच हाताच्या. म्हणजे रूप आपणच दिलं आणि वर आपणच जळत बसलो.

"काय म्हणाले डॉक्टर?" घरात पाऊल टाकताच धाकटीने विचारलं.

"दाढ चांगली आहे म्हणाले."

"म्हणजे तू आहेस तशीच राहणार."

थोरलीने पिशवी खुंटीला अडकवली.

"तुझा फोटो उद्या काचेतून उतरवणार आहेत," ती म्हणाली. "उन्हाने पिवळा पडलाय."

"आठच दिवसांत?"

"नाजूक रंग असला की होतं तसं."

आणि सकाळी मालकांच्या आधी दुकान गाठायचं तिने मनाशी ठरवलं.