विषयाचा रकाना

"काका, या वेळी शपथपत्र जोडलंय. आता तरी घ्याल ना?" कोर्टातल्या टंकलेखिकेने खिडकीतून लिफाफा आत सरकवला.

न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या या खिडकीमागे काकांची बावीस वर्षं गेली होती. त्यांनी कागद वाचला. एका म्हाताऱ्याच्या घराचा निकाल न्यायाधीशांनी तिच्याकडून मंगळवारी टाइप करून घेतला होता. वकिलांचे युक्तिवाद झाले बुधवारी.

"पुढे काय होतं, माहीत आहे का बाळ?"

"चौकशी."

"हा कागद अभिप्रायाला त्याच न्यायाधीशांकडे जातो. तुझ्या नावासकट."

"म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

"ते लिहितात, 'तक्रार निराधार'. मग मी दफ्तरी दाखलचा शिक्का मारतो, प्रकरण बंद. तीन वर्षांनी कागद रद्दीत. अजून परत नेता येईल बघ. नोकरी आहे तुझी."

"घर गेलं हो त्याचं. बुधवारी त्याचा वकील घसा कोरडा करत होता, म्हातारा हात जोडून बसला होता, आणि निकाल माझ्या खणात! ठेवा तुम्ही."

काकांनी आवक नोंदवही उघडली. विषयाच्या रकान्यात ते एकच शब्द लिहीत आले होते : किरकोळ. लाचेची तक्रार, किरकोळ. दारू पिऊन निकाल देणारा, तोही किरकोळ. पानामागून पान तेच, त्यांच्याच हातचं. त्यांना शिसारी आली.

कागद रद्दीत जातात. नोंदवही कायम राहते. त्यांनी रकाना ओलांडून ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'निकाल मंगळवारी टाइप, युक्तिवाद बुधवारी.'

संध्याकाळी नोंदवही तपासताना कार्यालयातले साहेब कडाडले, "हा काय निबंध? खोडा आधी!"

"कायम नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, साहेब. आपलंच परिपत्रक आहे."

"फार शहाणे झालात!"

"फार उशिरा झालो, साहेब."

पंधरा दिवसांनी न्यायाधीशांचा अभिप्राय आला : 'तक्रार निराधार'. पाठोपाठ टंकलेखिकेच्या बदलीचा आदेशही आला. तो घ्यायला ती त्याच खिडकीशी आली. काकांनी नोंदवही तिच्याकडे फिरवली आणि आपण लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. तिने दोनदा वाचलं. मग बदलीच्या आदेशाची पोच म्हणून सही केली.

"अक्षर सुरेख आहे हो काका तुमचं."

काकांनी मान वर केली नाही. तिच्या तक्रारीवर शिक्का मारायचा राहिला होता.